अर्धीच वाढा

मराठी माणसाला पूर्ण काही मागायचा संकोच वाटतो. पंगतीत तो ‘अर्धीच वाढा’ म्हणतो आणि अर्धी-अर्धी करत पाच पुरणपोळ्या रिचवतो. टपरीवर कटिंग मागवतो, आणि दोनदा मागवतो. ‘मला अगदी थोडासाच भात’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही, त्या घराच्या मराठीपणाबद्दल मला शंका येते. या सगळ्या थोड्या-थोड्याची बेरीज चाळिशीनंतर कुठे दिसते ते वेगळं सांगायला नको. बायकांना ती निऱ्या खोचताना कळते, पुरुषांना बुटाची नाडी बांधताना. बरं, ही बेरीज वजा करायची वेळ आली तरी संकोच काही सुटत नाही. तिथेही आपण मिनीच मागतो.

माझ्या धाकट्या जावेनेही तीच मागितली. ‘ताई, मी मिनी टमी टक करून घ्यायचं ठरवलंय,’ असं तिने पोहे परतता परतता मला सांगितलं, आणि वर ‘मीठ बघा जरा’ म्हणून चमचा पुढे केला. टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी काढून ते घट्ट करायची शस्त्रक्रिया.

तिची बाजू आधी सांगते, कारण ती अर्ध्या-अर्ध्या पोळीवाली नव्हेच. पहिला मुलगा, मग जुळ्या मुली. त्या दोघींनी आईच्या पोटात ऐसपैस संसार केला आणि बाहेर पडताना जागा होती तशी करून काही दिली नाही. त्यानंतर तिने रोज पहाटे टेकडी चढली, भात सोडला, साखर सोडली, भेळ खायला बोलावणाऱ्या दोन मैत्रिणीही सोडल्या. वजन लग्नाच्या वेळेइतकं झालं. पोट मात्र झालं नाही. बेंबीखाली सैल कातडीची एक वळी, बेंबीवर दुसरी, आणि संध्याकाळपर्यंत सगळं असं पुढे यायचं, की पीएमपीच्या बसमध्ये एका कॉलेजच्या मुलाने उठून तिला जागा दिली. ती बसली. पाय दुखत होते आणि पोराचे संस्कार वाया घालवायचे नव्हते, असं तिचं म्हणणं. पण त्या रात्री ती आरशासमोर बराच वेळ उभी होती, असं भावोजींनी मला नंतर सांगितलं.

‘पण मिनीच का?’ मी विचारलं.

‘छोटं असतं ना ते. टाके थोडे, खर्च थोडा. शिवाय आईंना सांगायचं तर छोटंसं सांगता येईल.’

सासूबाईंना सांगायची गोष्ट आकाराने लहान असलेली बरी, एवढा हिशेब मला लगेच पटला. बाकीचा तपासायला आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. ती, सुट्टी काढून आलेले भावोजी, आणि ‘कुणीतरी मोठं माणूस असावं’ म्हणून मी.

दवाखान्याच्या भिंतीवर सुश्रुताचं चित्र होतं. प्लास्टिक सर्जनच्या भिंतीवर ते असतंच. खरं तर पुणेकरांना सुश्रुतापर्यंत मागे जायचीही गरज नाही. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं, आणि १७९३च्या सुमाराला पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकीकत चित्रासकट छापून आली, आणि मग युरोपने नाकं शिवायला घेतली. पोटाला हात घालायला मात्र जगाने आणखी शंभर वर्षं लावली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञाने पोटाची लोंबणारी चरबी आणि कातडी आडवी कापून काढली, ती हकीकत १८९९ची. उशीर समजण्यासारखा आहे. नाक कापलं गेलं की अब्रू जाते. पोट सुटलं तर लोक खात्यापित्या घरचं समजतात.

पुढे या शस्त्रक्रियेला रूप आलं ते ब्राझीलमध्ये. रिओच्या इव्हो पितांगी यांनी १९६७ साली आपल्या तीनशे शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. ज्या शहरातली निम्मी वस्ती समुद्रकिनाऱ्यावर वावरते, तिथे व्रण कुठे लपवायचा याचा विचार बारकाईने होणारच. आपल्याकडे तो प्रश्न परकराच्या नाडीपाशी सुटतो. आमच्या डॉक्टरीणबाईंनी जावेला विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांत तोही होता: ‘नाडी कुठे बांधता? बेंबीवर की खाली?’ वर्षानुवर्षं घट्ट बांधलेल्या नाडीचा काळपट वण कमरेवर होताच. नवा व्रण त्याच्या पुष्कळ खाली, आतल्या कपड्यात जाईल, म्हणजे साडीत काय आणि ड्रेसमध्ये काय, तो घरच्याखेरीज कुणाला दिसणार नाही.

मग तपासणी झाली. पडद्याआड मी बरोबर होते, म्हणून नीट पाहिली. बाईंनी तिला आधी उभं केलं, मग बाजूने वळवलं, मग पुढे वाकायला लावलं. वाकल्यावर जे खाली लोंबतं ते कातडीचं. मग आडवं झोपवून म्हणाल्या, ‘आता फक्त मान उचला.’ मान उचलल्याबरोबर पोटाच्या मधोमध, फासळ्यांपासून बेंबीखालपर्यंत, एक लांबट उंचवटा वर आला. बाईंनी तिथे बोटं दाबली. तीन बोटं आरामात आत गेली.

‘हे तुमच्या जुळ्यांनी केलंय,’ त्या म्हणाल्या.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना मधे जोडणारी एक पट्टी असते. गरोदरपणात ही पट्टी ताणली जाते, स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. बऱ्याच जणींचे काही महिन्यांत परत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. योग्य व्यायामाने, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, फरक पडतो. पण एका हद्दीपलीकडे ताणलेली पट्टी टेकडी चढून आखडत नाही, आणि सैल पडलेली कातडी तर नाहीच नाही. माझ्या जावेने ज्याला स्वतःचा आळस समजून इतकी वर्षं भात सोडला होता, तो आळस नव्हताच. हे ऐकून तिला आधी आनंद झाला आणि मग त्या भाताचं वाईट वाटलं.

‘म्हणजे मिनी चालेल ना?’ तिने झोपल्या झोपल्याच विचारलं.

बाईंनी खिशातून जांभळं मार्कर काढलं, बेंबीतून एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, ‘ही सीमा. मिनी या रेघेच्या खाली राहतं. तुमचं सैल आहे वरही आणि खालीही.’

त्या रेघेने मला जेवढं कळलं तेवढं नंतर वाचलेल्या कशानेही कळलं नाही. आपण समजतो, फुल टमी टक म्हणजे जास्त आणि मिनी म्हणजे कमी, मग आपल्या ऐपतीप्रमाणे आणि धाडसाप्रमाणे निवडा. तसं नसतं. मिनीत सिझेरियनच्या व्रणापेक्षा थोडा लांब छेद घेतात, बेंबीपर्यंतचीच कातडी सोडवतात, खालच्या भागाचे स्नायू गरज असेल तर जवळ आणतात, आणि जादा कातडी काढून शिवून टाकतात. तास-दोन तासांचं काम. फुलमध्ये छेद कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो, कातडी थेट फासळ्यांपर्यंत सोडवतात, दोन्ही स्नायू वरपासून खालपर्यंत मधोमध ओढून शिवतात, मग कातडी खाली ताणून जादा भाग कापतात. दोन ते चार तास. बेंबीखालच्या कातडीवरचे बाळंतपणाचे पांढुरके चट्टे त्या कातडीबरोबरच जातात. वरचे राहतात, फक्त खाली सरकतात.

आणि बेंबी? हा प्रश्न भावोजींनी विचारला, कारण आतापर्यंत त्यांना बोलायला संधी मिळाली नव्हती. लोकांना वाटतं, फुलमध्ये बेंबी उचलून दुसरीकडे बसवतात. खरं म्हणजे बेंबी जागची हलत नाही, तिच्या भोवतीचं सगळं गाव हलतं. बेंबीभोवती गोल काप घेऊन तिला आपल्या देठावर तशीच ठेवतात. (बेंबीच्या देठापासून ओरडणाऱ्यांनो, तो देठ खरोखर असतो.) वरची कातडी खाली ओढली की बेंबी तिच्याखाली झाकली जाते. मग नेमक्या त्या जागी नव्या कातडीला लहानसं भोक पाडून तिला पुन्हा बाहेर काढतात आणि कडेने टाके घालतात. जुनं भोक कापलेल्या कातडीबरोबर निघून जातं. सर्जनचं खरं कसब इथे दिसतं म्हणतात, कारण लांबचा व्रण कपड्यात लपतो, बेंबी लपत नाही.

जिला फुलची गरज आहे तिने हट्टाने मिनी करून घेतलं तर काय होतं तेही बाईंनी सांगितलं. खालचं सपाट होतं आणि वरचं तसंच राहतं, उलट खालच्या सपाटीमुळे अधिकच डोळ्यात भरतं. खालून कातडी ओढली गेल्यामुळे बेंबी घसरते आणि तिचं तोंड उतरतं. वर पैसे निम्मे लागतात म्हणावं तर तेही नाही: शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, औषधं, पट्टा, सगळं दोन्हीकडे असतंच. मग मिनी कुणाला? अंगाने बारीक, बेंबीच्या वर सगळं घट्ट, आणि फक्त खाली, बहुधा सिझेरियनच्या व्रणावर, एक लहानशी वळी उतरलेली आहे अशा बाईला. ‘मिनी मागणाऱ्या रोज येतात,’ बाई म्हणाल्या, ‘मिनीच्या बायका क्वचित येतात.’

इतक्यात भावोजी पुढे सरसावले. ‘डॉक्टर, आलोच आहे तर माझंही बघता का? माझं मिनीत होईल.’ भावोजींचं पोट कडक, गोल आणि त्यांना स्वतःला फारसं नावडतं नाही. बाईंनी त्यांना टेबलावर उताणं झोपवलं. माझी जाऊ झोपली तेव्हा तिचं पोट फासळ्यांच्या खाली गेलं होतं. भावोजी झोपले आणि पोट होतं तिथेच राहिलं, छताकडे बघत. बाईंनी कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. जेमतेम बोटभर आली.

‘तुमची चरबी कातडीखाली नाही, स्नायूंच्या आत आहे. आतड्यांभोवती. तिथे ना मी पोहोचते, ना लायपोसक्शनची नळी. तुमच्यासाठी टेकडी.’

हे कडक पोट ही आपल्या मुलखाची खास वस्तू आहे, आणि तिचा अभ्यासही इथलाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ! हाडकुळे हात, बारीक पाय आणि मधे गणपती, ही आपली ठेवण आईच्या पोटातूनच येते, असं याज्ञिकांच्या पुणे परिसरातल्या गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८०च्या वर गेला की सावध व्हायला सांगतात. भावोजींनी टेपचा आकडा बायकोला दाखवला नाही. पट्ट्याचं भोक बदलून ते निमूट बाहेर जाऊन बसले.

बाईंनी आणखी पुष्कळ विचारलं. पुढे मूल हवंय का? हवं असेल तर थांबा, नाहीतर शिवलेलं पुन्हा उसवेल. वजन स्थिर आहे का? हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे, वजन उतरल्यावरचं आहे. सिगारेट? नाही. मिश्री? माझ्या जावेने मानेनेच नाही म्हटलं, पण बाहेर बसलेल्या एका मावशींनी याच प्रश्नाला ‘दातापुरती’ असं उत्तर दिल्याचं मी ऐकलं. तंबाखू दाताला लावा की ओढा, रक्तवाहिन्या आकसतात, आणि ताणलेल्या कातडीला रक्त पोहोचलं नाही तर ती काळी पडते. महिनाभर आधी बंद म्हणजे बंद. मावशी विचारात पडल्या.

घरी सासूबाईंना सांगायचं काम ‘मोठं माणूस’ म्हणून माझ्याकडे आलं. मी मनात उजळणी करून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘किती किलो निघतं?’ फार नाही म्हटल्यावर त्यांचा हिरमोड झाला. दुसरा प्रश्न, ‘पोट बांधणार ना नंतर?’ बाळंतिणीचं पोट सुती लुगड्याच्या पट्टीने बांधायचं, डिंकाचे-अळिवाचे लाडू चारायचे, शेगडीचा शेक द्यायचा, हे त्यांनी तीन सुना-लेकींचं निगुतीने केलेलं. दवाखान्यातला आवळ पट्टा सहा आठवडे दिवसरात्र घालायचा असतो हे ऐकून त्यांना आपला विजय झाल्यासारखं वाटलं. मोदक खाऊन फुटलेलं पोट गणपतीने नागाने आवळून बांधलं, म्हणजे पट्ट्याची आद्य परंपरा आपल्याकडचीच, असंही त्या म्हणाल्या. फक्त शेक नको, हे मात्र त्यांना दोन-दोनदा सांगावं लागलं. शस्त्रक्रियेनंतर बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचंही कळत नाही.

सगळं ठरल्यावर प्रश्न आला तो शेजाऱ्यांना काय सांगायचं याचा. आपल्याकडे हर्निया हे उत्तर ठरलेलं आहे. ‘हर्नियाचं ऑपरेशन झालं’ म्हणणाऱ्या किती बायका आठवडाभर वाकून चालल्या असतील! काहींचा हर्निया खराही असतो. बेंबीचा हर्निया याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करता येतो. पण भावोजींनी ‘विम्यासाठी बिलावर हर्नियाच लिहाल का?’ असं विचारलं तेव्हा बाईंनी चष्म्यावरून असं पाहिलं की ते पुन्हा बाहेर जाऊन बसले. विमा यात मिळत नाही. सरकारचंही मत पक्कं आहे: उपचाराला जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आहे. तीन मुलं पोटात वाढवून फाकलेले स्नायू जवळ आणणं हे सौंदर्य की दुरुस्ती, यावर मला त्या खात्याशी सविस्तर बोलायचं आहे. कुणी म्हणेल, नसती हौस. असेल. केसांना कलप लावणाऱ्या, दातांना टोप्या चढवणाऱ्या पुरुषाला हा शब्द कुणी ऐकवत नाही, एवढीच माझी तक्रार.

तिने फुल करून घेतलं, थंडीत. वैशाखात तो पट्टा म्हणजे शिक्षा झाली असती. पहिले दिवस सोपे नव्हते हे लपवून उपयोग नाही. बिछान्यात गुडघ्याखाली उश्या, चालणं कमरेतून वाकून, आणि तरी चालायचंच, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती. दोन्ही बाजूंनी नळ्या, त्यांच्या टोकाला लहान फुगे, त्यात जमणारं पाणी रोज मापायचं. किती मिली झालं ते वाचायचा मान आज कुणाचा यावरून जुळ्यांची भांडणं. खोकला आला की पोटाशी उशी घट्ट धरायची, हसू आलं तरी तेच. आमच्या घरात हसू न येणं अवघड, त्यामुळे तिने आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं होतं. सहा आठवडे कुकर उचलायचा नाही, बादली नाही, मुली तर अजिबात नाही. त्या काळात भावोजींनी स्वयंपाकघर चालवलं, आणि खाण्याजोगं काही न मिळाल्यामुळे त्यांचा घेर थोडा उतरला. व्रण अजून लालसर आहे. फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ताठ उभी राहायला लागल्यावर ती बसमध्ये बसली नाही, उभीच राहिली, हे तिने मुद्दाम फोन करून सांगितलं.

तिच्यानंतर आता मलाच फोन येतात. अमेरिकेतली एक मावसबहीण विचारते, डिसेंबरात तीन आठवडे येतेय, मिनी उरकून घेऊ का? तिलाही तेच सांगितलं आणि तुम्हालाही सांगते. उरकायला ही मुंज नव्हे. लगेच लांबच्या विमानात बसायचं असेल तर नको. फोटो पाठवून ‘मिनी चालेल का’ असं विचारू नका, पोट समोर नेऊन दाखवा, उभ्याने आणि आडवं होऊनही. समोरचा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतला एम. सीएच. किंवा डी. एन. बी. आहे का, ते विचारायला लाजू नका. आणि त्याने रेघेच्या वरही सैल आहे म्हटलं, तर एकतर पूर्ण करून घ्या, नाहीतर काहीच करू नका.